कोलारा फाटकाबाहेरची जमीन

१९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, तेव्हा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. महाराष्ट्र नावाचे राज्यही अजून जन्मायचे होते. चांदा त्या वेळच्या मध्य प्रदेशात होता, त्या राज्याची राजधानी नागपूरला होती, आणि त्याच वर्षी त्याच सरकारने कान्ह्यालाही राष्ट्रीय उद्यान केले. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ला, राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि त्यांच्यासोबत ११६ चौरस किलोमीटरचे हे जंगलही आले. आपल्या राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान हे असे वारशात मिळालेले आहे.

वारशात मिळालेल्या वस्तूकडे पुष्कळदा होते तसेच दुर्लक्ष इथेही झाले. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत कान्हा होते, आपले मेळघाट होते, ताडोबा नव्हते. अंधारी अभयारण्य १९८६ साली झाले आणि दोन्ही जोडून व्याघ्र प्रकल्प व्हायला १९९५ उजाडले. या चाळीस वर्षांत ताडोबा म्हणजे चंद्रपूर-नागपूरकडच्या हौशी लोकांची, शाळांच्या सहलींची आणि वनाधिकाऱ्यांच्या पाहुण्यांची जागा होती. तलावाकाठचे विश्रामगृह, संध्याकाळी पाण्यावर येणारी सांबरे, काठावर पडलेल्या मगरी. वाघ दिसला तर दिसला.

या जंगलाच्या उत्तर अंगाला चिमूर तालुका येतो. चिमूर म्हटले की १६ ऑगस्ट १९४२ची नागपंचमी आठवते. त्या दिवशी गावाने काही काळ इंग्रजांचा अंमल झुगारून दिला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गोळीला बळी पडला, आणि पुढे लष्कराने गावावर केलेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवसांचे उपोषण केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची साधनेची ठिकाणे, गोंदेडा आणि रामदेगी, याच तालुक्यात. माघातली बालाजीची घोडा यात्रा इथलीच. एवढे नाव असूनही चिमूरला आजही रेल्वे नाही. स्वतंत्र जिल्ह्याची मागणी कित्येक वर्षे जुनी आहे आणि प्रत्येक निवडणुकीत ती नव्याने ऐकू येते. अशा तालुक्यात गेल्या पंधरा वर्षांत देशभरातून, परदेशांतूनही पाहुणे येऊ लागले. तालुक्याच्या एका कोपऱ्यातली, ताडोब्याच्या फाटकाजवळच्या कोलारा आणि आसपासच्या गावांमधली शेतजमीन विकली जाऊ लागली. ही गोष्ट नेहमी वाघांच्या अंगाने सांगितली जाते. ती जमिनीच्या अंगाने सांगितली, तरच इथल्या माणसांना काय मिळाले आणि त्यांचे काय गेले ते कळते, असे माझे मत आहे.

ताडोबा हे नाव तारू या गावप्रमुखावरून आले असे गोंड समाज मानतो. वाघाशी झुंजताना तो गेला आणि तलावाकाठी त्याचे ठाणे झाले. पौषात तिथे जत्रा भरायची, आजूबाजूच्या गावांतून लोक बैलगाड्या घेऊन यायचे. मोहर्लीकडून ताडोब्याकडे जाणाऱ्या वाटेवर आजही दगडी मनोरे उभे दिसतात. गोंड राजांच्या काळात त्यांतून दोर ओवून घंटेने निरोप पोचवत, असे सांगितले जाते. म्हणजे हे रान निर्मनुष्य कधीच नव्हते. त्यातून राजरस्ता जात होता, देव होते, गावे होती.

१८५३ साली नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले आणि चांद्यावर इंग्रजांचा अंमल बसला. इंग्रजांनी दोन कामे केली. मोठी सलग जंगले सरकारने राखीव केली. गावे मात्र मालगुजारांच्या मालकीची ठरवली, आणि त्यांत गावची पडीक, गावचे झुडूप, गावचा तलाव हे सगळे आले. रयतेकडे उरला तो निस्तार: जळणाचे लाकूड, घरासाठी बांबू-बल्ली, गुरांची चराई, मोहफुले वेचणे. मालकी दुसऱ्याची, वापर गावाचा. चिमूर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागाची सारी शेती या वापरावर तोललेली होती, कारण भाताच्या बांधीला पाणी तलावाचे, शेणखत रानात चरून आलेल्या गुरांचे, आणि दुष्काळात पोटाला आधार मोहाचा.

१९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे तलाव आणि रान सरकारजमा झाले. तलावांना तेव्हापासून माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव हे नाव चिकटले. गावाचा निस्तार निस्तारपत्रकात नोंदला गेला आणि कागदावर राहिला. त्यानंतर चारच वर्षांनी राष्ट्रीय उद्यान आले. त्याच १९५५ साली तुकडोजी महाराजांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. गाव हेच विश्वाचे मूळ मानणारा ग्रंथ आणि गावाच्या वहिवाटीभोवती रेघ ओढणारी अधिसूचना, दोन्ही एकाच मुलखासाठी एकाच वर्षी निघाली.

ती रेघ सुरुवातीला पुसट होती. व्याघ्र प्रकल्पाच्या आत सहा गावे राहत होती: बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव आणि रानतळोधी. लोक शेती करत, डुकरे-चितळ पिकात उतरू नयेत म्हणून रात्री मचाणावर जागल करत, आजारी माणसाला बैलगाडीतून कोलाऱ्यापर्यंत आणत. रस्ता, वीज, दवाखाना मागितला की जंगलाचा कायदा आडवा येई. पुनर्वसनाची कहाणी सांगताना हा भाग वगळला जातो, आणि तो वगळला की ‘गावकरी स्वखुशीने बाहेर आले’ हे वाक्य सोपे होते. पिढ्यान् पिढ्या सोयी नाकारून मग विचारले की बाहेर येता का, तर माणूस हो म्हणतोच. त्या होकारात खुशी किती आणि थकवा किती, याचे मोजमाप कुठल्याही पंचनाम्यात होत नाही.

२००५ साली राजस्थानातल्या सारिस्क्यातून वाघ नाहीसे झाल्याचे उघड झाले आणि दिल्ली हादरली. २००६ मध्ये वन्यजीव कायदा दुरुस्त झाला, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आले, वाघांचा गाभा निश्चित करायचा आणि त्यातली गावे संमतीने हलवायची असे ठरले. त्याच वर्षी वनहक्क कायदाही झाला. एका कायद्याने जंगलावरचा हक्क मान्य केला, दुसऱ्याने जंगल सोडण्याची रीत घालून दिली. २००८ पासून कुटुंबामागे १० लाख रुपये देऊ केले गेले: एकतर रोख घ्या, नाहीतर वनखात्याकडून जमीन, घर आणि सोयी घ्या. पुढे २०२१ मध्ये ही रक्कम १५ लाख झाली. बोटेझरी त्याआधीच, २००७ मध्ये, मूल तालुक्यात हलले होते. नवेगाव आणि जामणी २०१३-१४च्या सुमारास बाहेर पडून चिमूर तालुक्यातच, खडसंगीजवळ आमडीच्या परिसरात वसले.

आता तिथे काय आहे? गाव उठल्यावर बांध्यांमध्ये गवत आले. सपाट, ओलावा धरणारी, पिढ्यान् पिढ्या राबून समतल केलेली ती जमीन. गवतावर चितळ-सांबर आले, त्यांच्यामागे वाघ आला. नवेगाव आणि जामणीची ही कुरणे आज ताडोब्यात वाघ दिसण्याच्या उत्तम जागांपैकी आहेत. कोलारा किंवा नवेगाव फाटकातून आत शिरलेली जिप्सी त्या कुरणाकाठी थांबते, पाहुणे दुर्बिणी काढतात, आणि समोर जे पसरलेले असते ते कुणाचे तरी शेत असते. गाइडांपैकी काही जण त्याच मुलखातले, त्यांना ते ठाऊक असते. वाघाला ही जागा मिळाली याचे दुःख मानावे असे मला वाटत नाही, पण जमीन तयार करणाऱ्यांचे नाव त्या कुरणाशी जोडलेले राहावे एवढे तरी व्हायला हवे. प्रवेशद्वारावर वाघांची नावे झळकतात. माया, मटकासूर, वाघडोह, छोटा मटका ही नावे शाळकरी मुलांना पाठ आहेत. जामणीत कोण राहत होते हे सांगणारी पाटी असावी, असे कुणाला सुचत नाही.

२०१०च्या मे महिन्यात बफर क्षेत्र जाहीर झाले. गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटर, त्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचा पट्टा, आणि त्यात ७९ गावे. गावांत मोठी धास्ती पसरली. आता आपली पाळी, असे लोक बोलू लागले. बफर म्हणजे विस्थापन नाही हे समजावण्यात वनखात्याचा बराच काळ गेला.

दोन वर्षांनी जे घडले त्याने मात्र या गावांच्या जमिनीचा भावच पालटला, आणि ते घडले सर्वोच्च न्यायालयात. गाभा क्षेत्रातल्या पर्यटनाविरुद्धच्या याचिकेवर २४ जुलै २०१२ रोजी अंतरिम मनाई आली. देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांची फाटके बंद झाली. १५ ऑक्टोबरला प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयाने मनाई उठवली. या तत्त्वांनुसार गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन चालेल, गाभ्यात नवे बांधकाम होणार नाही, आणि असलेल्या मुक्कामाच्या सोयी टप्प्याटप्प्याने बंद होतील. नियम योग्यच होते. पण मुक्काम आत करायचा नाही आणि सकाळी उजाडताना फाटकावर हजर राहायचे, तर माणूस कुठे राहील? फाटकाला लागून. नियमाने जंगलात बांधकाम थांबले आणि त्याच नियमाने कोलारा, मोहर्ली, मदनापूर, अलीझंझा इथल्या धुऱ्याला धुरा लागलेल्या शेतांवर गिऱ्हाईक आले.

त्या शेतांची तोवरची किंमत समजून घ्यायला हवी. जंगलाला चिकटलेली जमीन म्हणजे सर्वांत कमी मोलाची. डुकरे धान लोळवतात, रोही हरभरा खातात, वाघ बैल मारतो. तिकडच्या मुलाला सोयरीक मिळणे कठीण. अशा शेताला शहरातला माणूस अचानक मोठी रक्कम देऊ करतो, तेव्हा कर्ज आणि लग्न अंगावर असलेला शेतकरी काय करणार? कायद्याचे कुंपण होते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून जात नाही, शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला घेता येत नाही, बांधकामाला तेव्हा अकृषक परवाना लागे. पण चिमूरच्या या टोकाला सगळेच आदिवासी नाहीत, आणि शहरात राहणाऱ्या पुष्कळांच्या नावे वडिलोपार्जित सातबारा असतोच. व्यवहार कायद्यात बसवूनच पुष्कळ झाले. पहिल्यांदा विकणाऱ्यांना सर्वांत कमी मिळाले. हे प्रत्येक पर्यटनस्थळी होते आणि इथेही झाले.

कोकणाशी तुलना केली की एक गोष्ट लक्षात येते. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. शिरोड्याच्या वेळागरला किनाऱ्यावरची जमीन सरकारने पंचतारांकित हॉटेलसाठी संपादित केली, गाव विरोधात उभे राहिले आणि तो लढा वर्षानुवर्षे चालला. तिथे संपादन होते म्हणून लढा होता, लढा होता म्हणून वर्तमानपत्रांत नोंद आहे. चिमूरला पर्यटनासाठी सरकारने कुणाची शेती घेतली नाही. एकेक खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत झाले, एकेका कुटुंबाच्या अडचणीच्या वेळी. मोर्चा कुणाविरुद्ध काढणार? त्यामुळे या भूभागात जमिनीची एवढी मोठी उलथापालथ होऊनही तिचा इतिहास लिहिला गेलेला नाही. तो तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत पडून आहे. ती वही कुणी अभ्यासकाने गावागावांत बसून वाचावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पर्यटनाने दिलेही पुष्कळ, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दहावी-बारावी होऊन सुरत-हैदराबादकडे निघालेली मुले गाइड झाली, जिप्सीचालक झाली. मुली गाइड झाल्या, वनखात्याच्या प्रशिक्षणानंतर काही जणी जिप्सीही चालवू लागल्या, आणि त्यांच्या कमाईने घरातले त्यांचे वजन वाढले. बफरमधली फाटके उघडली, तसे प्रवेशशुल्काचे पैसे गावांच्या परिसर विकास समित्यांकडे येऊ लागले. २०१५च्या जन-वन योजनेतून गॅस आला, सौर कुंपणे आली, बायकांची जळणाची रोजची पायपीट कमी झाली. जिथे शासनाने सत्तर वर्षे पाठ फिरवली, तिथे वाघ बघायला येणाऱ्यांमुळे चूल पेटली.

तरी या उद्योगातला मोठा पैसा गावाबाहेरच फिरतो. कोलाऱ्यातल्या माणसाच्या वाट्याला येते ती रोजची मजुरी, हंगामी नोकरी आणि जिप्सीचा हप्ता. पावसाळ्याचे तीन महिने गाभा बंद, तेव्हा तीही आटते. खोलीचे भाडे, गिऱ्हाईक आणणाऱ्याचे दलालीचे पैसे, आरक्षणाची यंत्रणा हे सारे शहरातून चालते. २०२३ मध्ये ऑनलाइन आरक्षणाचे काम पाहणाऱ्या संस्थेने सुमारे १२ कोटी रुपये प्रकल्पाकडे भरले नाहीत, अशी तक्रार वनखात्याने पोलिसांत केली. अवघ्या तीन-चार वर्षांच्या हिशेबातली ही फक्त थकलेली रक्कम. या जंगलाच्या दारातून किती पैसा जातो याचा अंदाज गावांना त्या बातमीने पहिल्यांदा आला असेल.

गावाने स्वतः कारभार केला तर काय होते, हे बघायला फार लांब जावे लागत नाही. याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूचा व्यवहार हातात घेतला, आणि तेंदूपाने तोडताना झाडांची हानी होते, आगी लागतात म्हणून तेंदू तोडायचाच नाही असे ठरवले. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने ही वाट त्याआधी घालून दिली होती. वाघांच्या दारातल्या गावांना बांबूऐवजी पाहुण्यांचा व्यवहार असाच चालवता आला असता. जमीन न विकता ग्रामसभेने ती मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची, मुदत संपली की शेत परत गावाचे. त्यासाठी २०१२ साली कुणीतरी गावात येऊन हे सांगायला हवे होते. दलाल मात्र आधी पोचले.

मे महिन्यात या विसंगतीचे टोक दिसते. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, वाघ उरल्या पाण्यावर येतो, म्हणून पर्यटकांचा सर्वांत मोठा हंगाम हाच. तेंदूपानांचाही हंगाम हाच. पहाटे फाटकावर जिप्सींची रांग लागते त्याच वेळी बफरमधल्या गावांतून बायका-पुरुष पाने तोडायला रानात शिरतात, वाकून, पाठमोरे. २०२२च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ मोजले गेले, २०१०ला ते १७०च्या आत होते, आणि या वाढीचा मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा आहे. २०२५च्या एकट्या मे महिन्यात या जिल्ह्यात वाघांनी दहाहून अधिक माणसे मारली, त्यांतली बरीच तेंदूवर गेलेली. एका पुड्यामागे मिळणाऱ्या चार पैशांसाठी माणसे जीव धोक्यात घालतात, कारण पर्यटनाची कमाई सगळ्या घरांत पोचलेली नाही. ज्या घरात गाइड आहे त्या घरातले तेंदूवर जाणे कमी झाले. ज्या घरात नाही, तिथली म्हातारी अजून जाते.

आणि शेवटी कोळसा. चंद्रपूरच्या इतिहासात जंगलाचा खरा स्पर्धक तोच राहिला आहे. २००९ साली ताडोब्याच्या दक्षिणेला लोहारा इथल्या कोळसा खाणीविरुद्ध चंद्रपूरच्या ‘इको-प्रो’चे बंडू धोतरे उपोषणाला बसले, शहर त्यांच्यामागे उभे राहिले आणि केंद्राने ती खाण रोखली. २०२० मध्ये व्यापारी लिलावाच्या यादीत चिमूर तालुक्यातला बंदर कोळसा खंड आला. ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्यामधली वाघांची येण्याजाण्याची वाट नेमकी तिथून जाते. राज्य सरकारने हरकत घेतली, पर्यावरणवादी बोलले, आणि खंड यादीतून वगळला गेला. वाघ आणि त्याच्यामागे येणारे पर्यटन यांचे वजन त्या वेळी कामी आले. पर्यटनावर टीका करताना मी हे विसरत नाही: फाटकाबाहेर हॉटेले नसती तर कदाचित तिथे खाण असती.

यादीतून वगळलेला खंड पुन्हा यादीत घालता येतो. बंदरचा कोळसा जमिनीखाली आहे आणि त्यावरची शेते अजून बहुतांशी चिमूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्याच नावे आहेत. कोलाऱ्याला २०१२ नंतर जे घडले ते त्यांनी जवळून पाहिले आहे. पुढचा गिऱ्हाईक कोळशाचा असो की रिसॉर्टचा, त्याच्याशी एकेकट्या शेतकऱ्याने बोलायचे की ग्रामसभेने, हे त्या गावांना अजून ठरवता येण्यासारखे आहे.